बदली भिंत

मी नोकरीची बहुतेक वर्षं एका भिंतीची राखण करण्यात घालवली आणि त्यातले काही दिवस स्वतःच भिंत होतो. राखण केली त्याची पेन्शन मिळते. भिंत झालो त्याची कुठे दखल नाही. म्हणून ‘तुमच्या कामाविषयी काहीतरी लिहा’ असा संपादकांचा निरोप आल्यावर हेच लिहायचं ठरवलं. चांगल्या नोकरीबद्दल लिहायला चांगली माणसं आहेत.

भिंत बिदर जिल्ह्यात, हुलसूरच्या बाजूला आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण ज्या दोघांची ही हकिकत आहे ते दोघेही ठणठणीत आहेत आणि दोघांच्याही घरात वाचून दाखवणारी नातवंडं आहेत. गावाबाहेर एका जुन्या मठाचे अवशेष आहेत. दोन कमानी, बुजलेली विहीर आणि छप्पर नसलेली एक लांबट खोली, एवढाच मठ उरलाय. तो कोणत्या पंथाचा होता यावर तीन विद्वानांची तीन मतं आहेत. तिघेही वेगवेगळ्या साली येऊन गेले, तिघांनीही मला ‘तुम्हाला काय वाटतं?’ म्हणून विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जीपमध्ये बसले. मला वाटतं ते असं, की मठातली माणसं फुलवेडी असावीत. कारण मठ पडला, पण त्याच्या बागेची भिंत उभी राहिली. राहत्या खोल्यांपेक्षा बागेला चांगला गवंडी लावला होता हे आंधळ्यालाही कळेल. बाग कधीच गेली, आता आत तूर होते. भिंत मात्र खाली काळ्या दगडाची, वर जांभ्याची, पुरुषभर उंच. जागोजागी दिव्याचे कोनाडे, आणि मधोमध पाटाचं पाणी आत घ्यायला ठेवलेलं एक भोक. या भोकामुळे पुढचं सगळं रामायण घडलं.

पुरातत्त्व खात्याच्या कागदोपत्री मी ‘स्मारक परिचर’. गावात मला वाचमनमामा म्हणत. स्मारक परिचर करतो काय, तर गवत काढतो, शेळ्या हाकलतो, बदामात बाण काढणाऱ्या पोरांना हाकलतो आणि पिंपळ उपटतो. पिंपळ हा आमच्या धंद्यातला खरा वैरी. पाखराच्या विष्ठेतून बी पडतं, सांध्यात रुजतं, आणि आज दोन पानं दिसतात तिथे काही वर्षांनी अख्खा दगड बाहेर येतो. मी तो कोवळा असतानाच उपटायचो आणि वर त्याला दोन शिव्या घालायचो. शिव्या घालणं नियमात नाही, पण मला बरं वाटायचं. याशिवाय भेगांवर काचेच्या पट्ट्या असतात. भेगेच्या दोन्ही काठांना पट्टी चिकटवून ठेवायची आणि रोज बघायची. पट्टी तडकली म्हणजे भिंत सरकायलीय असं समजायचं आणि वर कळवायचं. बस्स, एवढंच काम. लोक हसायचे. ‘पगार घेऊन भिंतीकडं बघत बसायलाव,’ म्हणायचे. मी म्हणायचो, तुम्ही फुकट बघता, मी पगार घेऊन बघतो, शहाणा कोण?

आता त्या गावाची रीत सांगतो. दोन माणसांचं बिनसलं आणि त्यांनी ‘मेलो तरी बोलणार न्हाई’ अशी आण घेतली, की ती आण मोडायची नाही. पण विहिरीवरची मोटार एक, बांध एक, गाय एकीची आणि वासरू दुसरीचं. बोलल्याशिवाय भागणार कसं? मग दोघं भिंतीला जायचे. एक अलीकडून, एक पलीकडून, भोकाच्या दोन्ही अंगांना टेकून बसायचे आणि भिंतीशी बोलायचे. भिंतीला तिकडे भिंतक्का म्हणतात. ‘भिंतक्का, त्या मानसाला सांग, वासरू सांजच्याला न्यावं.’ पलीकडून यायचं, ‘भिंतक्का, सांग तिला, वासरालाच यायचं न्हाई म्हनावं.’ भिंतीशी बोललेलं बोलण्यात धरत नाहीत. आण शाबूत, वासरू घरी. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, माझी बदली वेड्यांच्या गावात झाली. मग माझ्या लक्षात आलं, की माझ्या गावी, चिंताकीत, अशी भिंत नाही म्हणून आमच्याकडचे अबोले माणसं मेल्यावरच संपतात.

एकदा पार करजगीहून एक म्हातारी आली. दोन एसट्या बदलून आली होती. भोकापाशी बसली आणि मला म्हणाली, “पल्याड बसतूस का बाबा? काई बोलू नकोस, नुसतं बस.” मी तुरीत जाऊन बसलो. ती तिच्या धाकट्या बहिणीशी बोलत होती. बहीण अबोल्यातच वारली होती. कशावरून बिनसलं ते तिलाही नीट आठवत नव्हतं. पोटभर बोलून झाल्यावर ती उठली, लुगडं झटकलं आणि भिंतीवरून हात फिरवून निघून गेली. त्या दिवशी मी घरी गेल्यावर जेवलो नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हणालो, भिंतीपलीकडे बसलो होतो, एवढंच.

तर आता मूळ हकिकत. बिराप्पा आणि माळप्पा हे सख्खे भाऊ. त्यांचे आजे-पणजे मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारे. आता दोघांकडे मिळून एक ट्रॅक्टर, एक विहीर आणि एक मोटार. मेंढरांपैकी फक्त बिराप्पाचा एक एडका उरला होता, टायगर नावाचा. जत्रेत टायगरची टक्कर लागली. टायगरनं समोरचा एडका पाहिला, क्षणभर विचार केला आणि उलटा वळून थेट मिठाईच्या दुकानात शिरला. सगळी जत्रा हसली. त्यात माळप्पाही हसला असं बिराप्पाचं म्हणणं. माळप्पाचं म्हणणं, मी हसलो नाही, खोकललो. झालं. दोघांनी आण घेतली. माळप्पाची मुलगी सारिका तेव्हा नुकती शाळेत जायला लागली होती. ती शिकून मोठी झाली, टायगर म्हातारा होऊन मेला, पण भाऊ मोटारीच्या पाळ्या भिंतक्काकडूनच ठरवत राहिले.

सारिकाचं स्थळ मीच सुचवलं. मुलगा आमच्या चिंताकीचा, त्यांच्याच समाजातला, कष्टाळू. मुलाचा बाप माझ्या शेजारचा. आम्ही बौद्ध, ते धनगर, पण दोन्ही घरचं दूध-विरजण इकडून तिकडे चालतं, म्हणून माझ्या शब्दाला किंमत होती. त्या बापानं एकच अट घातली. “मामा, नवरीच्या बुडाखाली घरचं घोंगडं पायजे. थोरल्या चुलत्याच्या हातचं. ते न्हाई पडलं तर लोक म्हनत्याल, पोरीला घरानं टाकलीया. तसली पोरगी मी न्हेऊ कशी?”

हे घोंगडं म्हणजे काय, ते सांगायला हवं. रानात फिरणाऱ्यांना घर नव्हतं. जिथे घोंगडं अंथरलं तिथे घर. म्हणून लग्नात घरातल्या थोरल्यानं आजोबांच्या वेळचं घोंगडं स्वतःच्या हातानं अंथरायचं, मग त्यावर पाट, मग नवरी. ते घोंगडं बिराप्पाच्या पेटीत होतं. सारिका लहानपणी त्यावरच लोळून वाढली. मला वाटलं, यात काय अवघड आहे? भिंतक्काकडून आवतन जाईल, थोरला येईल, अंथरेल.

आणि त्याच आठवड्यात काचेची पट्टी तडकली.

भोकाच्या वरचा भाग पोटासारखा पुढे आला होता. मी वर कळवलं. साहेब आले. म्हैसूरकडचे, शांत माणूस, कन्नडशिवाय बोलायचं झालं की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी पाहिलं आणि सांगितलं, एवढा भाग उतरवायचा आणि पुन्हा बांधायचा. उरलेल्या भिंतीला पत्रे ठोकून बंद करायचं. खाजामिस्त्री आला, बिदरचा, चार पिढ्यांचा गवंडी. त्यानं एकेका दगडावर रंगानं आकडा टाकला, एकेक दगड उतरवला आणि खाली जमिनीवर जसाच्या तसा मांडून ठेवला. उभी भिंत आडवी झोपवल्यासारखी दिसायला लागली. बांधायला घाई चालत नाही. असल्या कामाला सिमेंट वर्ज्य. चुना भिजवून मुरवायचा, चुन्याच्या घाण्यात रेतीबरोबर मळायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळ, हिरडा घालायचा. कच्चा चुना लावला तर पुढच्या पावसात तोंड काळं. त्यामुळे भिंतीत बैलगाडी जाईल एवढं भगदाड तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी मोटारीच्या पाळीसाठी दोघे भाऊ आले आणि इतक्या वर्षांत प्रथमच एकमेकांसमोर उभे राहिले. मधे काहीच नाही. सरळ बोलता आलं असतं. म्हणूनच बोलता येईना. दोघांनी आपापली पागोटी सावरली, आभाळाकडे पाहिलं आणि परत गेले. माळप्पाच्या उसाला त्या दिवशी पाणी मिळालं नाही.

मग त्यांनी पत्र्याच्या अलीकडे-पलीकडे बसून पाहिलं. पत्रा असा घुमला की मोटारीची भानगड बाजारपेठेपर्यंत ऐकू गेली आणि तिसऱ्याच माणसानं मोटार चालू केली. माळप्पा जमिनीवर मांडलेल्या दगडांपाशीही जाऊन उकिडवा बसला. थोड्या वेळानं उठून मला म्हणाला, “मामा, ही झोपलीया. झोपलेल्या बाईला निरोप कसा सांगावा?”

लग्न तोंडावर आलेलं. चिंताकीहून मला रोज फोन, ‘घोंगड्याचं काय झालं?’ शेवटी माळप्पानंच तोडगा काढला. “मामा, तुमी भगदाडात हुबे ऱ्हावा. तुमी सरकारी, भिंत बी सरकारी.”

मी म्हणालो, “अरे, मी माणूस आहे.”

“व्हय, पर बदलीवर मानूस येतोच की. गुरुजी सुट्टीवर गेल्यावर बदली गुरुजी येत न्हाई का?”

मी भगदाडात उभा राहिलो. तोंड बागेच्या बाजूला, जिकडे बिराप्पा बसायचा. पाठ माळप्पाकडे. मिशीवाल्या माणसाला ‘अक्का’ म्हणताना बिराप्पा आधी जरा अडखळला, पण ऊस त्याचाही वाळत होता. “भिंतक्का, त्याला सांग, उद्या सकाळची पाळी त्याची.” मागून आलं, “भिंतक्का, सांग, बरं हाय म्हनावं.” मी हूं नाही, चूं नाही. भिंतीचं काम तेवढंच असतं आणि ते वाटतं तेवढं सोपं नाही. नाकावर माशी बसली तरी हात उचलता येत नाही.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दोन जावा आल्या. एक नवरा-बायको आले, ते मिठावरून भांडले होते. मी चहाची सुट्टी घेतली की लोक म्हणायचे, ‘भिंत जरा पानी प्यायला गेलीया.’ यात एक दिवस साहेबांची जीप आली. त्यांनी पाहिलं, त्यांचा परिचर हात पसरून भगदाडात उभा आहे आणि दोन बायका त्याला अक्का म्हणून डोळे पुसतायत.

“एनप्पा इदु?” त्यांनी विचारलं. हे काय आहे?

भिंत असल्यामुळे मला उत्तर देता येत नव्हतं. खाजामिस्त्रीनं दिलं. “साब, ये भिंत है. थोडे दिनां के वास्ते.”

आता नोकरी गेली असं मला वाटलं. पण साहेबांची नजर लिंबाखाली गेली. त्यांचंही या कामाच्या कंत्राटदाराशी वाजलं होतं. कंत्राटदारानं चुन्यात गुपचूप सिमेंट मिसळलं होतं, साहेबांनी तो सगळा चुना फेकायला लावला होता, आणि तेव्हापासून दोघे एकमेकांचे फोन उचलत नव्हते. कंत्राटदार तिथेच लिंबाखाली तोंड फिरवून उभा होता. साहेब हळूच माझ्यासमोर आले, घसा साफ केला आणि माझ्या बटणाकडे बघत म्हणाले, “गोडेअक्का, इवरिगे हेळु, सिमेंट बेड.” भिंतक्का, यांना सांग, सिमेंट नको. मागून कंत्राटदार तेलुगूत काहीतरी बोलला. साहेबांना तेलुगू येत नव्हतं. खरी भिंत भाषांतर करत नाही, पण मी बदलीवर असल्यामुळे मला करावं लागलं. त्या दिवसापासून चुना व्यवस्थित मुरायला लागला.

लग्नाचं मात्र पुढे सरकत नव्हतं. माळप्पानं तीनदा विषय काढला आणि तीनदा बिराप्पा गप्प बसला. शेवटी तो बोलला ते भलतंच. “भिंतक्का, त्याला सांग, मोटारीचं ठीक हाय. पर लग्नाचं आवतन खऱ्या भिंतीकडनंच यावं लागतंय. हा तर वाचमनमामा. मानसाच्या आडून बोललं तर ते बोलनंच झालं. माजी आण मोडंल.”

गावात यावरून दोन तट पडले. पारावर दिवसभर एकच चर्चा, मी भिंत आहे की नाही. एकजण म्हणाला, जेवतो म्हणजे भिंत नाही. दुसरा म्हणाला, भिंतही पाणी पिते, पावसाळ्यात बघा. सारिका तिथे आली, दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, “मोठ्याअप्पांनी घोंगडं न्हाई आनलं तर मी पाटावर बसनार न्हाई. भिंत कोन ते तुमी ठरवा.” एवढंच बोलली आणि गेली. तिच्या आवाजात रडू होतं आणि ते सगळ्यांना कळलं. मला तर फारच. स्थळ माझं, शब्द माझा, आणि आता पोरीचा संसार मी भिंत ठरतो की नाही यावर अडलेला.

निकाल खाजामिस्त्रीनं दिला. “जिसकू चुना लगा, वो भिंत. हमारे बाप-दादा यहीच बोलते आए.” मराठीत चुना लावण्याचा अर्थ वेगळा होतो, पण मला खरोखरच लावला. कपाळाला, खांद्यांना, दोन्ही दंडांना मिस्त्रीनं थापीनं पातळ हात फिरवला, वर कोरडी भुकटी मारली आणि एक पाऊल मागे सरून डोळा बारीक करून ओळंबा बघतात तसं मला पाहिलं. “थोडा बायीं तरफ झुका है,” म्हणाला. मी सरळ झालो. बिराप्पानं मला चहूबाजूंनी निरखलं आणि मान हलवली. भिंत मंजूर झाली.

सगळं गाव लिंबाखाली जमलं. मी श्वास रोखून उभा. पाठीमागून माळप्पाचा आवाज आला, आणि तो नेहमीचा नव्हता. “भिंतक्का, थोरल्या घरच्यांना सांग. सारिकाचं लगीन हाय. घोंगडं त्यांच्या हातानं पडावं. दुसऱ्या कुनाच्या हातानं मला चालनार न्हाई.”

माझं तोंड बिराप्पाकडे होतं. भिंतीला तोंड नसतं हे किती बरं असतं, ते मला तेव्हा कळलं. खरी भिंत असती तर ही गोष्ट कोणालाच दिसली नसती. म्हाताऱ्याचे डोळे भरले होते. पागोट्याचा शेव दातात धरून तो स्वतःला सावरत होता. मग त्यानं शेव सोडला, माझ्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. “भिंतक्का, त्याला सांग…”

आणि चुन्याची भुकटी माझ्या नाकात गेली.

मी खूप दाबलं. नवसागरासारखं झिणझिणलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण शेवटी शिंक आलीच, आणि आली ती साधी आली नाही. लिंबावरचे कावळे उडाले. माझ्या खांद्यावरचा चुना बिराप्पाच्या पागोट्यावर पडला.

शुभकार्याच्या वेळी शिंकलो हा अपशकुन झाला, पण तो कोणाच्या डोक्यातसुद्धा आला नाही. तिथे त्याहून मोठा प्रश्न उभा राहिला होता.

“भिंत शिंकती व्हय?” बिराप्पा हळूच म्हणाला.

“न्हाई शिंकत,” माझ्या पाठीमागून उत्तर आलं.

“म्हंजे हा मानूस हाय.”

“व्हय.”

“म्हंजे इतके दिस आपन मानसाच्या आडून बोलायलाव. आबोला मोडला की.”

“मोडला. पर म्या न्हाई मोडला. मोटारीचं पैलं तूच काढलास.”

“म्या? भगदाडात पैलं कोन आलं हुतं?”

“अण्णा, खोटं बोलू नकोस. पैलं तूच बोललास.”

बिराप्पा थबकला. “काय म्हनलास?”

“अण्णा म्हनलो.”

क्षणभर मला वाटलं, आता दोघे गळ्यात पडणार. कसलं काय. बिराप्पानं मला हातानं बाजूला सारलं, भगदाड ओलांडलं आणि दोघे छातीला छाती लावून असे भांडले की बघणाऱ्यांचे कान भरून गेले. मोटार निघाली, बांध निघाला, शेवटी टायगर निघाला. “त्या दिशी हासला हुतास तू.” “हासलो न्हवतो, खोकललो हुतो.” “मंग खोकला कामून आला तवाच?” इतक्या वर्षांचं साठलेलं एका दुपारी मोकळं झालं. सारिका धावत आली, दोघांना भांडताना पाहिलं आणि मटकन खाली बसून पदर तोंडाला लावून हसायला लागली. मीही हसलो. बिराप्पानं माझ्याकडे रागानं पाहिलं, म्हणून मी लगेच खोकललो.

भिंत नंतर उभी राहिली. सुंदर झाली. दगड न दगड आपल्या आकड्यावर बसला, आणि साहेबांनी खाजामिस्त्रीच्या पाठीवर सगळ्यांदेखत थाप मारली. पण संरक्षणासाठी सभोवती लोखंडी जाळी लागली. आता भोकापर्यंत कोणाला जाता येत नाही. गावातले अबोले आता फोनवर एकमेकांना ब्लॉक करून चालतात. स्मारक सुरक्षित आहे, हे माझंच काम होतं, आणि ते नीट झालं याचं मला वाईट वाटतं, असं म्हटलं तर माझी पेन्शन कापतील काय, माहीत नाही. करजगीच्या त्या म्हातारीसारखं कोणी आलं तर ते जाळीबाहेरून परत जाणार.

लग्न मात्र भिंत उभी राहण्याआधीच लागलं. मी चुना घासून घासून काढला होता तरी कानामागे राहिला होताच. मांडवात गर्दी, चिंताकीचं वऱ्हाड आलेलं, मुलाचा बाप माझ्याकडे बघतोय आणि मी वेशीकडे. सवय अशी वाईट, की नकळत मी पाटाच्या जागेपुढे दोन्ही वऱ्हाडांच्या मधोमध हात पसरून उभा राहिलो होतो. तेवढ्यात बोलण्याचा आवाज आला. बिराप्पा आणि माळप्पा, मांडवाचं तोंड चुकीच्या दिशेला का केलं यावरून वाटभर भांडत येत होते. बिराप्पाच्या काखेत काळं घोंगडं होतं. ते पाहून सारिका उठून उभी राहिली.

बिराप्पा माझ्यासमोर आला, घोंगड्याची घडी मोडली आणि म्हणाला, “भिंतक्का, जरा सरक. पोरीला घर हातरायचं हाय.”

मी सरकलो.